रॉजर विल्यमसन : दोन शर्यतींचा ड्रायव्हर

— एक ज्येष्ठ सभासद, ‘बी’ विंग

स्मरणिका समितीच्या मंडळींनी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा त्यांना बहुधा अष्टविनायक यात्रेचं वर्णन किंवा सांधेदुखीवरचे घरगुती उपाय अपेक्षित असावेत. वय झालं की लोक आपले विषयही ठरवून टाकतात. मी मोटारींच्या शर्यतीतल्या एका इंग्रज ड्रायव्हरबद्दल लिहिणार म्हटल्यावर समितीतले दोघं एकमेकांकडे बघून हसले. हसू देत. त्याचा आपल्या सोसायटीशी काय संबंध, ते पुढे येईलच.

विषय सुचला नातवामुळे. रविवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये फॉर्म्युला वनच्या गाड्यांचा भुंग्यासारखा आवाज चालू असतो. त्याला सगळे ड्रायव्हर पाठ, कुणी कुठल्या रंगाचे टायर लावलेत तेही पाठ. एकदा हॉलंडमधली शर्यत लागली होती. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधून जाणारा रस्ता आणि नारिंगी टोप्या घातलेली गर्दी. झांडवोर्ट हे नाव पडद्यावर आलं आणि मी विचारलं, रॉजर विल्यमसन माहीत आहे का रे? त्याला माहीत नव्हता. त्याने मोबाइलवर शोधलं, थोडा वेळ वाचलं, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. शर्यतींच्या जुन्या शौकिनांमध्ये हे नाव सगळ्यांना ठाऊक असतं. नव्या मुलांपर्यंत ते पोचलेलं नाही एवढंच.

मला हे नाव कळलं ते नोकरीमुळे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात मी सुरक्षा विभागात होतो. आग विझवण्याच्या प्रशिक्षणाला बाहेरून एक गृहस्थ आले होते. त्यांनी व्हीसीआरवर एक फिल्म लावली. एक गाडी उलटी पडलेली, पेटलेली आणि एक माणूस एकटाच तिच्याभोवती धावतोय. मागून इतर गाड्या सुसाट निघून जातायत. फिल्म संपल्यावर त्यांनी आम्हाला कागद दिले आणि काय काय चुकलं ते लिहायला सांगितलं. मी बरंच लिहिलं. अग्निशामक नळकांडी किती हवीत, कुठे हवीत, कपडे कसले हवेत. माझा कागद चांगला आला होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे त्याची लाज वाटणार आहे.

तर रॉजर. जन्म २ फेब्रुवारी १९४८, इंग्लंडच्या लेस्टरशायर परगण्यातल्या ॲशबी-द-ला-झूश या गावी. लहान वयात कार्टिंग, म्हणजे त्या छोट्या बिनछपराच्या गाड्यांच्या शर्यती. १९६७ साली तो मिनी घेऊन मोठ्यांच्या शर्यतीत उतरला. मग फोर्ड अँग्लिया. या गाड्या म्हणजे आपल्याकडच्या फियाटसारख्या, बाजारहाट करायच्या. त्यांचंच इंजिन खोलून, घासून, वाढवून पळवायच्या. त्यात तो जिंकत गेला.

या खेळाच्या पायऱ्या क्रिकेटच्या भाषेत सांगतो. फॉर्म्युला थ्री म्हणजे विद्यापीठाची मॅच, फॉर्म्युला टू म्हणजे रणजी आणि फॉर्म्युला वन म्हणजे कसोटी. फरक इतकाच की क्रिकेटमध्ये बॅट पायरीगणिक दसपटीने महाग होत नाही. इथे नुसतं चांगलं चालवून भागत नाही, इंजिनाला पैसा लागतो. १९७१ साली रॉजर फॉर्म्युला थ्रीमध्ये आला, मार्च कंपनीची गाडी घेऊन. गाडी उत्तम चालवत होता, पैशाची मात्र ओढाताण होती.

इथे या गोष्टीत एक बिल्डर येतो. बिल्डर म्हटल्यावर आपल्या सोसायटीत ज्यांना कन्व्हेयन्सची आठवण होऊन रक्तदाब वाढतो, त्यांनी दोन मिनिटं शांत राहावं. हा बिल्डर वेगळा होता. टॉम व्हीटक्रॉफ्ट त्याचं नाव. लेस्टरकडचा, घरं बांधून श्रीमंत झालेला, दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यावर काम केलेला, जाडजूड आणि मोकळ्या गळ्याचा माणूस. लहानपणी त्याने घराजवळच्या डॉनिंग्टन पार्कमध्ये शर्यती पाहिल्या होत्या. महायुद्धात लष्कराने ती जागा ताब्यात घेतली आणि ट्रॅक बंद पडला. १९७१ मध्ये या गृहस्थाने ती जागाच विकत घेतली. टॉवर बांधायला नाही, पुन्हा शर्यती सुरू करायला. जुन्या रेसिंग गाड्या गोळा करायचाही त्याला नाद होता.

त्याच वर्षी मोनॅकोमध्ये व्हीटक्रॉफ्टने या पोराचं चालवणं पाहिलं आणि त्याच्या इंजिनाचा खर्च उचलायची तयारी दाखवली. तिथून पुढे सगळा भार त्यानेच उचलला. दोघांचं नातं मालक-नोकराचं उरलं नाही, बापलेकाचं झालं. मला या सगळ्या हकिगतीत हा भाग फार आवडतो. आपल्या मुलासाठी कर्ज काढणारे बाप आपण खूप पाहतो. दुसऱ्याच्या मुलासाठी खिसा रिकामा करणारा विरळा.

रॉजरने पैसे वाया घालवले नाहीत. १९७१ मध्ये ब्रिटनमधलं फॉर्म्युला थ्रीचं एक विजेतेपद त्याने मिळवलं. तेव्हा तिथे एकाच वर्षात वेगवेगळ्या पुरस्कर्त्यांच्या स्पर्धा चालत. १९७२ मध्ये त्याने दोन जिंकल्या. १९७३ च्या जूनमध्ये इटलीतल्या मोन्झाला फॉर्म्युला टूची मोठी शर्यत मारली. मोन्झा म्हणजे नुसता वेग. तिथे जिंकणाऱ्याकडे फॉर्म्युला वनवाल्यांचं लक्ष जातंच. व्हीटक्रॉफ्टने मार्च कंपनीशी बोलून तिची फॉर्म्युला वनची गाडी पोरासाठी ठरवली. सहा वर्षांत मिनीपासून इथपर्यंत.

पहिली शर्यत सिल्व्हरस्टोनला, घरच्या मैदानावर, १४ जुलै १९७३. पहिली फेरी संपता संपता पुढच्या एका गाडीचा ताबा सुटला आणि ती आडवी झाली. मागून येणाऱ्या एकावर एक आदळल्या. शर्यत थांबवावी लागली. रॉजरला काही झालं नाही, पण गाडी गेली. पुन्हा सुरुवात झाली तेव्हा तो बघ्यांमध्ये. पहिली कसोटी, आणि पहिल्याच चेंडूवर समोरच्याने धावबाद केल्यासारखं.

दुसरी शर्यत पंधरा दिवसांनी, २९ जुलै, झांडवोर्ट. आदल्या वर्षी तिथे शर्यत झाली नव्हती. ट्रॅकवर काम करून, नवे कठडे बसवून तो सुरक्षित केल्याचं जाहीर झालं होतं. सुरक्षित हा शब्द कागदावर लिहायला फार सोपा असतो, तीस वर्षं मी तेच लिहीत होतो. रॉजर अठराव्या जागेवरून निघाला. आठव्या फेरीला एका वेगवान वळणावर गाडी अचानक बाहेर गेली. टायर गेला असावा असं मानतात. ती कठड्याला धडकली, उलटली आणि उलटीच रस्त्यावरून घसरत गेली. इंधनाची टाकी फुटून पेट घेतला. शर्यत ७२ फेऱ्यांची, त्यामुळे टाक्या बहुतेक भरलेल्या होत्या. त्या काळच्या गाड्यांत ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना इंधनच असायचं. रॉजरला धडकेने फारशी इजा झालेली नव्हती. तो शुद्धीत होता आणि गाडीखाली अडकला होता.

मागून येत होता डेव्हिड पर्ली. वय २८, तोही नवखाच, त्याच्याकडेही मार्चचीच गाडी. एके काळी तो ब्रिटिश सैन्याच्या पॅराशूट रेजिमेंटमध्ये होता, एडनला जाऊन आलेला. त्याने गाडी पलीकडच्या कडेला थांबवली, उतरला, आणि चालू शर्यतीत रस्ता ओलांडून धावत गेला. पळत्या शर्यतीतून उतरायचं म्हणजे आपल्या पुढच्या सगळ्या आशांवर पाणी सोडायचं. त्याने एवढा विचार केलाच नसणार.

तो हाताने गाडी पलटी करायला लागला. साधारण पावणेसहाशे किलोचं धूड. एकट्याने हलेल, पालथं होणार नाही. आणखी तीन-चार माणसं असती तर झालं असतं. शेजारी स्वयंसेवक उभे होते, पण त्यांच्या अंगावर साधे कपडे. आगीत शिरायचा पोशाख एकाकडेही नाही. अग्निशामक नळकांडं एक. ते पर्लीने घेतलं, आगीवर रिकामं केलं. आग थोडी दबली, परत भडकली. तो येणाऱ्या गाड्यांना हात करून थांबायला सांगत होता. कुंपणापलीकडचे काही प्रेक्षक मदतीला आत यायला बघत होते, त्यांना पोलिसांनी कुत्र्यांसकट मागे ढकललं. आगीचा बंब होता, पण शर्यत चालू असल्याने त्याला उलट्या दिशेने येता येत नव्हतं. फेरी मारून यायचं. तो पोचायला आठ मिनिटांच्या आसपास लागली. मग गाडी सरळ केली. आत रॉजर गेलेला होता. धूर आणि आगीने, धडकेने नव्हे. वय २५. फॉर्म्युला वनच्या दोन शर्यतींमिळून दहा फेऱ्यासुद्धा भरत नाहीत.

शर्यत मात्र थांबली नाही. पूर्ण ७२ फेऱ्या झाल्या. जॅकी स्टुअर्ट जिंकला, त्याचा तो २६ वा विजय. तेव्हापर्यंत इतके विजय कुणाचेच नव्हते.

इतके लोक, टीव्हीचे कॅमेरे, नियंत्रण कक्ष, दोन-दोनशे किलोमीटर वेगाने जाणारे वीस-बावीस शहाणे ड्रायव्हर. कुणीच कसं थांबलं नाही? प्रशिक्षणाच्या त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी शिव्या घातल्या होत्या. उत्तर साधं आहे आणि म्हणूनच मला झोपू देत नाही. पेटलेल्या गाडीशेजारी हेल्मेट घातलेला एक ड्रायव्हर उभा दिसत होता, हातवारे करत होता. जाणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, ही याचीच गाडी. हा सुखरूप बाहेर आला, आता विझवायला मदत करतोय. नियंत्रण कक्षालाही तेच वाटलं. पर्ली ज्याच्यासाठी उतरला, त्याला त्याच्याच उभं राहण्याने झाकून टाकलं. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा चुकीचा अर्थ लावला की माणूस निर्धास्त होतो. न पाहिलेला निदान चौकशी तरी करतो. स्वयंसेवकांना मी फार दोष देत नाही, ती हौशी माणसं होती. एक लाल झेंडा दाखवायचा अधिकार ज्यांच्या हाती होता, त्यांना देतो.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. २००६ च्या पावसाळ्यात ‘ए’ विंगच्या मीटर रूमला आग लागली होती, ती जुन्या सभासदांना आठवत असेल. संध्याकाळची वेळ, पाऊस, धूर जिन्यात भरलेला. आम्ही ‘बी’ विंगवाले गॅलरीत उभे. मी तिसऱ्या मजल्यावर. खाली मीटर रूमला लागून असलेल्या फ्लॅटमधली सून कडेवर बाळ घेऊन आवारात इकडून तिकडे धावत होती, हात करून काही ओरडत होती. पावसाच्या आवाजात शब्द कळत नव्हते. मला वाटलं, चला, त्या घरातले बाहेर आले. अग्निशमन दलाला फोन कुणीतरी केलाच असेल, असंही वाटलं. दोन्ही खोटं होतं. फोन कुणीच केलेला नव्हता. आणि मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या आजी आतच होत्या. पोरगी बिचारी त्यांना उचलायला माणसं मागत होती.

मी सहा-सात मिनिटं उभा होतो. आमच्या हॉलमध्ये तेव्हा माझं अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. झांडवोर्टची फिल्म मी एकदा नाही, पुढे नव्या कामगारांना दाखवताना दहा-बारा वेळा पाहिलेली होती.

गेले ते आपले तेव्हाचे वॉचमन काका. आधी त्यांनी वाळूच्या बादल्या मीटर रूममध्ये रिकाम्या केल्या, मग ओलं पोतं डोक्यावर घेऊन त्या धुरात शिरले आणि आजींना चादरीत गुंडाळून पाठीवर घेऊन बाहेर आले. त्यांचा उजवा हात भाजला होता. आजी त्यानंतर चार वर्षं जगल्या, नातवाची मुंज बघून गेल्या. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात सभासदांच्या सतर्कतेमुळे मोठा अनर्थ टळला, अशी नोंद आहे. ठराव मांडणारा मीच होतो. अठरा-वीस वर्षांत हे कुणाला बोललो नाही. बायकोला माहीत आहे, कारण ती शेजारीच उभी होती.

असो. पर्लीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. ब्रिटनने त्याला जॉर्ज पदक दिलं, शौर्याबद्दलचा तिथला मोठा सन्मान. त्या आठ मिनिटांच्या छायाचित्रांच्या मालिकेला वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळाला. अशा पुरस्काराने त्याला काय वाटलं असेल ते देव जाणे. हाताला न लागलेल्या माणसासाठी आयुष्यभर ओळखलं जायचं. तो शर्यतींत राहिला. वडिलांची रेफ्रिजरेटर बनवायची कंपनी होती, तिच्या नावाने गाडी उतरवली. १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनच्या सरावात ॲक्सिलरेटर अडकला आणि गाडी सरळ कठड्यावर गेली. ताशी १७३ किलोमीटरवरून शून्यावर, अवघ्या ६६ सेंटिमीटरमध्ये. माणूस यातून जगू शकतो हेच लोकांना पटेना. पाय, कंबर, बरगड्या मोडल्या, तरी तो वाचला आणि पुन्हा चालायला लागला. मग विमानाच्या कसरतींचा नाद. १९८५ च्या जुलैमध्ये त्याच्या गावाजवळ, बॉग्नर रीजिसच्या किनाऱ्यापाशी, विमान समुद्रात कोसळून तो गेला. चाळीस वर्षांचा होता.

व्हीटक्रॉफ्ट त्या दिवशी झांडवोर्टलाच होता. त्यानंतर फॉर्म्युला वनमध्ये दुसरा रॉजर घडवायचं त्याच्या मनात आलं नाही. पण डॉनिंग्टन त्याने सोडलं नाही. जुन्या गाड्यांचं संग्रहालय उभं केलं, १९७७ मध्ये ट्रॅक पुन्हा सुरू केला. १९९३ मध्ये तिथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली, भर पावसात आयर्टन सेन्नाने जिंकलेली. ती नातवाला पाठ आहे, पहिल्या फेरीत त्याने किती जणांना मागे टाकलं त्यासकट. ते आवार ज्या माणसाचं, त्याने तिथे २००३ साली, तीस वर्षं झाल्यावर, रॉजरचा ब्राँझचा पुतळा उभा केला. २००९ मध्ये व्हीटक्रॉफ्टही गेला.

झांडवोर्टनंतर ट्रॅकवरच्या माणसांना आगीपासून वाचवणारे कपडे देणं सुरू झालं. आता नातवाबरोबर शर्यत बघताना गाडी कठड्याला लागली की मी घड्याळ बघतो. लाल झेंडा किती सेकंदांत येतो, कुणी किती सेकंदांत पोचतं. त्याला वाटतं आजोबांना खेळ आवडायला लागला. आवडतोही आता थोडा.

आपल्याकडे अग्निशामक सिलिंडर दर मजल्यावर आहेत. ‘बी’ विंगच्या चौथ्या मजल्यावरच्याची रिफिल करायची तारीख उलटून गेली आहे; नव्या सेक्रेटरींना चिठ्ठी दिली आहे, इथेही लिहून ठेवतो.

आणि एक विनंती. या स्मरणिकेत सगळ्या माजी पदाधिकाऱ्यांचे फोटो आहेत. वॉचमन काकांचा समितीकडे नाही. २०११ मध्ये ते कायमचे गावाला गेले, तेव्हाचा मोबाइल नंबर आता लागत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ते नेहमी मागे, लेझीमवाल्या मुलांच्या पाठीशी पाण्याचा हंडा घेऊन असायचे. कुणाच्या जुन्या अल्बममध्ये असा एखादा फोटो निघाला तर ‘बी’ विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आणून द्यावा. मी घरीच असतो.